मनगटावरचा पहारेकरी : हृदयरोग, घड्याळ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

पहाटेची वेळ. सत्तरी तालुक्यातील एका खेड्यात कुळागराला पाणी सोडण्यासाठी निघालेला साठीच्या घरातील एक बागायतदार अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि पडवीतील बाकावर बसतो. छातीवर कोणी जड दगड ठेवावा तसे त्याला वाटत असते. अंगाला दरदरून घाम सुटलेला असतो. रात्रीच्या जेवणाने पित्त झाले असावे, असा तर्क करून तो आमसुलाचे पाणी मागवितो. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने दिवाळीस दिलेले नवे घड्याळ त्याच्या मनगटावर असते. मुलाने शिकविल्याप्रमाणे तो घड्याळाच्या कडेच्या कळीवर दुसऱ्या हाताचे बोट टेकवितो. अर्ध्या मिनिटाने घड्याळ सांगते की, हृदयाचा ताल नियमित आहे. तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि थोडे पडून राहावे असे ठरवितो.

हा प्रसंग कल्पित आहे. परंतु तो आता कोणत्याही गावात घडण्यासारखा आहे. यात घड्याळ खोटे बोललेले नाही. ताल खरोखरच नियमित असेल. तथापि, त्याच क्षणी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या एखाद्या वाहिनीत गुठळी अडकून हृदयस्नायूचा काही भाग मृतप्राय होऊ लागलेला असू शकतो. घड्याळाला जे विचारले गेले, त्याचे उत्तर त्याने बरोबर दिले. मात्र त्या घटकेला विचारावयाचा प्रश्न वेगळा होता. अंगावर बाळगावयाची साधने आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचा हृदयरोगाच्या उपचारात नेमका कोठे उपयोग होतो आणि कोठे होत नाही, हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे त्यामुळे अगत्याचे झाले आहे.

हृदयाचे दोन व्यवहार

हृदय हा स्नायूंचा बनलेला एक पंप होय. निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता हा पंप मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० वेळा आकुंचन पावतो. दिवसाकाठी ही संख्या सुमारे एक लाखाच्या घरात जाते. त्याच्या कार्याचे दोन व्यवहार वेगवेगळे ध्यानात घ्यावयास हवेत.

पहिला व्यवहार विजेचा. हृदयाच्या उजव्या अलिंदात, म्हणजे वरच्या कप्प्यात, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यातून ठरावीक अंतराने सूक्ष्म विद्युत्-प्रेरणा निघते, ती हृदयभर पसरते आणि त्यायोगे ठोका पडतो. या व्यवहारात बिघाड झाला म्हणजे ठोके अनियमित, अतिजलद किंवा अतिमंद होतात.

दुसरा व्यवहार रक्तपुरवठ्याचा. साऱ्या शरीराला रक्त पुरविणाऱ्या हृदयाला स्वतःसाठीही रक्त लागते. ते त्याला हृद्‌रोहिणी नावाच्या वाहिन्यांतून मिळते. या वाहिन्यांच्या आतील बाजूस वर्षानुवर्षे चरबीयुक्त थर साचत जातो. एखादे दिवशी तो थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि वाट बंद होते. यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. वाट पूर्ण बंद झाल्यावर साधारणतः अर्ध्या तासाच्या आतच स्नायू मरू लागतो, आणि पुढील काही तासांत हानी वाढत जाते. मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही. म्हणून या रोगात घड्याळाचा काटा हाच रोग्याचा सर्वांत मोठा वैरी ठरतो.

विहिरीवरील डिझेल इंजिनाच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. इंजिनाचा ठोका दुरून ऐकूनही ते नीट चालले आहे की अडखळत आहे, हे जाणकारास कळते. परंतु तेलाच्या नळीत कचरा अडकू लागला असेल, तर ते ठोक्यावरून लगेच कळेलच असे नाही. त्यासाठी इंजिनाजवळ जाऊन नळी तपासावी लागते. मनगटावरचे घड्याळ मुख्यतः ठोका ऐकते. झटक्याचा रोग मात्र नळीतला असतो.

मिठाच्या पाण्यापासून मनगटापर्यंत

हृदयाची वीज कागदावर उतरविण्याची विश्वसनीय पद्धत नेदरलँड्‌समधील लायडन येथील शास्त्रज्ञ विलेम आइन्टहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केली. त्यांचे यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालविण्यास पाच माणसे लागत. रोग्याला दोन्ही हात व एक पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. इतके अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नसल्यामुळे १९०५ साली आइन्टहोव्हन यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरील रुग्णालयातून रोग्यांच्या हृदयाचे विद्युत्-संकेत टेलिफोनच्या तारेने आपल्या प्रयोगशाळेत आणले. दूरस्थ वैद्यकाचा हा एक आद्य प्रयोग होय. या कार्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ई.सी.जी. या नावाने सर्वांस परिचित असलेला हृदयाचा विद्युत्-आलेख तो हाच.

पुढची अडचण वेगळी होती. धडधड रात्री होते. रोगी सकाळी दवाखान्यात पोहोचतो, तेव्हा आलेख अगदी स्वच्छ निघतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील नॉर्मन होल्टर यांनी १९४७ च्या सुमारास चालत्या माणसाच्या हृदयाचे संकेत रेडिओलहरींवरून टिपणारे साधन तयार केले. ते पाठीवर वाहावे लागे आणि त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते. इलेक्ट्रॉनिक भाग लहान होत गेले, तसे हे ओझे खिशात मावू लागले. आजही डॉक्टर चोवीस तासांची नोंद घेणारे यंत्र कमरेला बांधावयास देतात, त्याला 'होल्टर' असेच म्हणतात. २०१८ मध्ये मनगटी घड्याळातील ई.सी.जी.च्या सोयीस अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मान्यता दिली आणि एका अर्थाने आइन्टहोव्हन यांची पाण्याची भांडी सामान्य माणसाच्या मनगटावर आली.

हिरव्या प्रकाशाची नाडीपरीक्षा

घड्याळ नाडी कशी मोजते, हे समजणे कठीण नाही. घड्याळाच्या पाठीमागे लहान हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषून घेते. हृदयाचा ठोका पडला की मनगटातील सूक्ष्म वाहिन्यांत रक्त किंचित वाढते, त्यामुळे परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये उलट घडते. दिव्यांशेजारचा प्रकाशग्राहक ही चढउतार सतत मोजतो. ठोक्यांमधील अंतरे वेडीवाकडी होऊ लागली, तर घड्याळ तशी सूचना देते.

या पद्धतीच्या मर्यादाही तिच्या रचनेतच आहेत. पट्टा सैल असला, हात सारखा हलत असला किंवा कातडी थंड पडली असली, तर मोजमाप चुकते. गडद रंगाच्या गोंदणाखाली प्रकाश नीट पोहोचत नाही. आपल्याकडील वयस्क स्त्रियांच्या हातावर गोंदण आढळते. त्यांनी घड्याळ गोंदण नसलेल्या जागी बांधणे इष्ट.

काही घड्याळांत याहून अधिक सोय असते. घड्याळाची पाठ एका मनगटास टेकलेली आणि दुसऱ्या हाताचे बोट कळीवर, अशा स्थितीत अर्धा मिनिट स्थिर बसल्यास दोन हातांमधील विजेचा एक आलेख मिळतो. हा खराखुरा ई.सी.जी. होय, परंतु तो एकाच दिशेने घेतलेला असतो. रुग्णालयात हातापायांना चार व छातीवर सहा अशी दहा टोके लावून बारा दिशांनी हृदयाकडे पाहिले जाते. देवळाच्या एका खिडकीतून डोकावले, तर आत समई तेवत आहे एवढे दिसेल. मागच्या भिंतीला गेलेला तडा दिसणार नाही. झटक्याची खूण पुष्कळदा हृदयाच्या एकाच बाजूस उमटते. ती बाजू घड्याळाच्या खिडकीसमोर नसली की आलेख निर्दोष वाटतो. अशी घड्याळे बनविणारे उत्पादक स्वतःच सूचना देतात की, हे साधन हृदयविकाराचा झटका ओळखीत नाही. ही सूचना बारीक अक्षरांत असते आणि ती वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

घड्याळाचा खरा उपयोग

मग हे साधन निरुपयोगी म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ठोक्यांच्या अनियमिततेचा एक सर्वसामान्य प्रकार म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. तेथे रक्त साचून राहते, गुठळी बनते, आणि ती मेंदूत पोहोचली तर अर्धांगवायूचा झटका येतो. या विकारात अर्धांगवायूची शक्यता सुमारे पाचपट वाढते. अनेकांना हा विकार असल्याचे जाणवतही नाही. तो येतो, जातो, आणि दवाखान्यातील दहा सेकंदांच्या आलेखात सापडत नाही. रात्रंदिवस मनगटावर राहणारा पहारेकरी येथे उपयोगी पडतो.

याची एक मोठी चाचणी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केली. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ४,१९,२९७ लोकांनी भाग घेतला. त्यांपैकी २,१६१ जणांना, म्हणजे हजारी सुमारे पाच जणांना, नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांना छातीवर चिकटवावयाची नोंदपट्टी पाठविण्यात आली. ज्या ४५० जणांच्या नोंदी तपासण्यायोग्य मिळाल्या, त्यांतील ३४ टक्के लोकांत तो विकार आढळला. उरलेल्यांना मिळालेली सूचना खोटीच होती, असे मात्र म्हणता येत नाही. कारण पट्टी येईपर्यंत विकार निवळलेला असू शकतो. पट्टी छातीवर असतानाच घड्याळाने सूचना दिली, अशा वेळी ती शंभरात ८४ वेळा खरी ठरली.

परंतु विकार सापडणे वेगळे आणि त्यामुळे रोग्याचा लाभ होणे वेगळे. डेन्मार्कमध्ये सत्तरी ओलांडलेल्या आणि अर्धांगवायूचा धोका असलेल्या ६,००४ लोकांचे अध्ययन झाले. त्यांतील काहींच्या कातडीखाली अहोरात्र नोंद घेणारे छोटे यंत्र बसविले गेले. त्या गटात सुमारे ३२ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन सापडले. नेहमीच्या पद्धतीने तपासलेल्या गटात ते १२ टक्के होते. असे असूनही अर्धांगवायूचे प्रमाण निःसंशय म्हणता येईल इतके घटले नाही, असा निष्कर्ष २०२१ मध्ये जाहीर झाला. क्षणभर येऊन जाणारी प्रत्येक अनियमितता औषध देण्याजोगी असतेच असे नाही, हा यातला बोध. म्हणून घड्याळाची सूचना आली तर ती डॉक्टरांना दाखवावी. स्वतःहून रक्त पातळ करणारी गोळी सुरू करू नये.

खोट्या हाकांचे गणित

चांगले साधनही खोट्या हाका का देते, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. समजा, एका गावात एक हजार माणसे आहेत आणि त्यांतील पाच जणांना विकार आहे. समजा, घड्याळ त्या पाचही जणांना अचूक ओळखते आणि निरोगी माणसांच्या बाबतीत शंभरात केवळ दोनदा चुकते. हे साधन उत्तम वाटते. परंतु उरलेल्या ९९५ निरोगी माणसांपैकी सुमारे वीस जणांना ते रोगी ठरवील. म्हणजे पंचवीस सूचनांपैकी खऱ्या केवळ पाच. रोग जितका विरळ, तितकी खोट्या हाकांची संख्या अधिक. यामुळे तरुण व निरोगी माणसाने रोज दहा वेळा आलेख काढून मनास घोर लावून घेण्यात हित नाही. उलट, वय, मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा पूर्वीचा हृदयविकार यांमुळे ज्यास धोका अधिक, त्याच्या बाबतीत तीच सूचना अधिक मोलाची ठरते.

यंत्र शिकते म्हणजे काय

अनेक वर्षे वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला वहीवरील नाव न पाहताही अक्षर कोणाचे ते ओळखता येते. 'कसे ओळखलेत?' असे विचारले, तर त्याला नियम सांगता येत नाही. हजारो वह्या पाहून त्याची नजर तयार झालेली असते. कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत काहीशी अशीच आहे. संगणकाला लाखो आलेख आणि त्या प्रत्येकाबरोबर तज्ज्ञांनी केलेले निदान पुरविले जाते. संगणक अंदाज करतो, चुकतो, आपल्या हिशोबात किंचित दुरुस्ती करतो, आणि ही क्रिया अगणित वेळा केल्यावर नवा आलेख पाहून निदान सुचवू लागतो.

अशी यंत्रे कधी कधी मानवी डोळ्यास न दिसणारी खूणही टिपतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेतील संशोधकांनी साध्या ई.सी.जी.वरून हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती कमी झाली आहे काय, हे सुचविणारी पद्धत २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. २०२१ मध्ये २२,६४१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. ज्यांच्या डॉक्टरांना यंत्राचा अहवाल मिळाला, त्या रुग्णांपैकी २.१ टक्के लोकांत हा विकार सापडला. ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्यात १.६ टक्के. अंतर लहान दिसते. पण प्रत्येक हजार रुग्णांमागे आणखी पाच जणांचे निदान वेळेवर झाले, असा त्याचा अर्थ होतो. अंतिम निर्णय यंत्राने केला नाही. यंत्राने बोट दाखविले, डॉक्टरांनी सोनोग्राफीसारख्या तपासणीने खात्री करून घेतली.

यंत्राची उणीवही शिकण्याच्या याच रीतीत आहे. ज्या प्रकारचे रोगी त्याला दाखविलेले नाहीत, त्यांच्याविषयी ते निःशंकपणे चुकू शकते. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणाऱ्या साधनाविषयी अमेरिकेत २०२० मध्ये असे आढळले की, कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत प्राणवायूची खरी उणीव या साधनाच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या मानाने जवळजवळ तिप्पट होते. परदेशात घडलेले साधन आपल्या लोकांवर तपासून पाहिल्याखेरीज त्यावर पूर्ण भरवसा टाकू नये, हा धडा यातून घ्यावयाचा आहे. आपल्या देशात ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे, त्यांत निदानासाठी वापरावयाच्या संगणकप्रणालीही आल्या, औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणली गेली, ती याच गरजेपोटी.

तुंबा आणि आरे

हृदयविकाराच्या झटक्यात कृत्रिम बुद्धिमत्तेचे खरे स्थान मनगटावर नसून आरोग्यकेंद्रात आहे, याचे उदाहरण गोव्यातच पाहावयास मिळते. २०१८ च्या अखेरीस राज्य शासनाने बंगळुरू येथील ट्रायकॉग हेल्थ या कंपनीच्या सहकार्याने 'स्टेमी गोवा' हा प्रकल्प सुरू केला. 'स्टेमी' हे हृद्‌रोहिणी पूर्णपणे बंद होऊन येणाऱ्या तीव्र झटक्याचे संक्षिप्त नाव होय.

या प्रकल्पाची रचना बैलगाडीच्या चाकासारखी आहे. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय हा चाकाचा तुंबा, आणि ठिकठिकाणची शासकीय रुग्णालये व आरोग्यकेंद्रे हे त्याचे आरे. छातीत दुखत असलेला रोगी जवळच्या केंद्रात आला की त्याचा बारा दिशांचा ई.सी.जी. काढला जातो. तो दूरसंचारयंत्रणेने तज्ज्ञ केंद्राकडे जातो. तेथे संगणकप्रणाली आलेखाची प्राथमिक छाननी करते, तज्ज्ञ डॉक्टर तो पडताळतात आणि निदान काही मिनिटांत खेड्यातील डॉक्टरांच्या हाती पडते. झटका निश्चित झाला आणि रोग्यास ते मानवण्यासारखे असले, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन त्याच ठिकाणी देऊन त्यास पुढील उपचारासाठी रवाना करता येते.

या व्यवस्थेचे महत्त्व अंतरावरून कळते. बंद वाहिनी फुग्याच्या साहाय्याने उघडणे हा सर्वोत्तम उपाय; परंतु त्यासाठी मोठे रुग्णालय वेळेत गाठावे लागते. निदानापासून दोन तासांच्या आत ते साधणार नसेल, तर निदान झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत इंजेक्शन द्यावे, असे वैद्यकशास्त्राचे सर्वमान्य मार्गदर्शन आहे. रोगी केंद्रात आल्यापासून दहा मिनिटांत ई.सी.जी. निघाला पाहिजे, असेही ते सांगते. पूर्वी आलेख वाचणारा तज्ज्ञ शहरात आणि रोगी डोंगरापलीकडे, अशी स्थिती असे. आता रोग्याआधी त्याचा आलेख शहरात पोहोचतो. आइन्टहोव्हन यांनी १९०५ साली तारेवरून जे दीड किलोमीटरपर्यंत केले, तेच आता डोंगर ओलांडून होत आहे.

शेजारच्या कर्नाटकातही याच धर्तीची योजना आहे. २०२१ मध्ये हृदयविकाराने निधन पावलेले अभिनेते पुनीत राजकुमार यांचे नाव तिला देण्यात आले आहे.

मात्र या सर्व साखळीतील पहिला दुवा यंत्राच्या हाती नाही. दुखू लागल्यापासून घराचा उंबरठा ओलांडेपर्यंत जो वेळ जातो, तो कोणत्याही संगणकास वाचविता येत नाही. 'पित्त असेल', 'वात भरला असेल', 'पोरगा येऊ दे', 'उजाडू दे' या चार वाक्यांत अनेकांचे बहुमोल तास निघून जातात.

साधन घेताना व वापरताना

बाजारात शेकड्यांपासून लाखापर्यंतच्या किमतीची घड्याळे मिळतात. सर्वांची योग्यता सारखी नसते. साधनास वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता आहे काय, हे पाहिल्याशिवाय त्याच्या आकड्यांवर उपचार ठरवू नयेत. सुई न टोचता रक्तातील साखर दाखविण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांपासून व अंगठ्यांपासून सावध राहण्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा एकाही साधनास त्याने मान्यता दिलेली नव्हती. मधुमेही माणसाने अशा आकड्यावर विसंबून इन्सुलिनचे प्रमाण बदलले, तर ते जिवावर बेतू शकते.

आणखी एक गोष्ट. घड्याळातील नोंदी फोनवाटे उत्पादकाकडे साठविल्या जाऊ शकतात. आरोग्याची माहिती ही खासगी मालमत्ता होय. २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे. तरीही कोणत्या गोष्टीस संमती देत आहोत, हे वाचून घेण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. वृद्धांस साधन भेट देणाऱ्या मुलांनी केवळ बटणे शिकवून थांबू नये. हे साधन काय ओळखीत नाही, तेही त्यांना समजावून सांगावे.

शाळेतील दोन प्रयोग

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. पहिला प्रयोग : प्रत्येक विद्यार्थ्याने मनगटावरील नाडी शोधून तीस सेकंदांतील ठोके मोजावेत व दुप्पट करावेत. नंतर मैदानास एक फेरी मारून पुन्हा मोजावेत आणि नाडी पूर्ववत होण्यास किती मिनिटे लागतात, ते टिपावे. ज्यांच्या घरी तसे घड्याळ असेल, त्यांनी दोन्ही आकडे ताडून पाहावेत. दुसरा प्रयोग : अंधाऱ्या खोलीत पेटत्या विजेरीवर बोट ठेवावे. बोट लाल दिसते. कारण रक्त हिरवा व निळा प्रकाश शोषते आणि लाल प्रकाश बऱ्याच अंशी पार जाऊ देते. घड्याळातील दिवे हिरवे का, याचे उत्तर विद्यार्थ्यांस यातून आपोआप मिळेल.

वरच्या वर्गांना आरोग्यकेंद्राच्या साहाय्याने छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करण्याची क्रियाही शिकविता येईल. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला, तर मदत येईपर्यंत मिनिटास १०० ते १२० वेळा छातीच्या मध्यभागी जोराने दाब द्यावयाचा असतो.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखे वाटणे, वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे, घाम फुटणे, धाप लागणे, ही झटक्याची लक्षणे होत. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांच्यात नुसता थकवा, मळमळ किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणे एवढेच दिसू शकते. अशा वेळी घड्याळाचे उत्तर काहीही असो, १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि जवळचे आरोग्यकेंद्र गाठावे. रोग्यास चालवीत नेऊ नये व त्याला स्वतः वाहन चालवू देऊ नये. पहिला आलेख स्वच्छ निघाला, तरी डॉक्टर थांबावयास सांगतील तर थांबावे. काही झटके दुसऱ्या आलेखात किंवा रक्ताच्या तपासणीतच उघड होतात. उलट, लक्षणे नसताना घड्याळाने ताल अनियमित असल्याची सूचना दिली, तर घाबरून न जाता ती नोंद जपून ठेवावी आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाब, साखर व तंबाखू यांवर ताबा ठेवणे हा उपाय मात्र कोणत्याही यंत्राहून जुना आणि आजही तितकाच आवश्यक आहे.

आता पुन्हा त्या पडवीकडे वळू. बागायतदार आडवा होण्याच्या बेतात असतो. आमसुलाचे पाणी घेऊन आलेली सून अंगणवाडीत काम करणारी. ती सासऱ्यांच्या कपाळावरचा घाम पाहते, तांब्या खाली ठेवते आणि म्हणते, "मामंजी, घड्याळ काही सांगो, आपण आधी आरोग्यकेंद्रात जायचं." ती १०८ ला फोन लावते. अर्ध्या तासात आलेख निघतो, थोड्याच वेळात उत्तर येते आणि इंजेक्शन सुरू होते. घड्याळ त्याच्या मनगटावर तसेच असते आणि ताल नियमित असल्याचेच सांगत असते.